वॉटर पंपाचे साडेअकरा हजार

“ह्ये कुन्या शान्यानं बसवलंय बे?”

प्रश्न मला नव्हता. सिरसाळ्याकडून परळीत शिरताना एक गॅरेज लागतं, तिथला मिस्त्री बोनेटखाली कमरेपर्यंत शिरला होता आणि हे तो आमच्या गाडीच्या इंजिनाला विचारत होता. मी मागे, जुन्या टायरांच्या थप्पीपाशी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. इंजिन काही बोललं नाही. मीही नाही.

मिस्त्री लोकांचा हा धर्मच असतो. बोनेट उघडलं की आधी मागच्या मिस्त्रीचा उद्धार करायचा, मगच पाना हातात घ्यायचा. दातांचे डॉक्टरही तेच करतात. “आधी कोणाकडे जात होता?” असं विचारतात आणि उत्तर ऐकून अशी मान हलवतात, जणू आपण तिथे मुद्दाम दात किडवून घ्यायला गेलो होतो.

त्यामुळे एरवी मी ते मनावर घेतलं नसतं. पण मला एक गोष्ट माहीत होती. ती मिस्त्रीला माहीत नव्हती, आणि अंबाजोगाईहून निघालेल्या पप्पांनाही नव्हती. गाडी बंद पडण्याआधी निदान आठ-नऊ किलोमीटर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात होता, आणि तो दिसत असताना मी गाडी चालवत राहिले होते.

झालं असं की आत्याला सिरसाळ्याला सोडायचं होतं. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, आणि त्या दिवशी त्यांना कुठलीशी ऑनलाइन माहिती भरायची होती. ते काम वर्गात शिकवण्यापेक्षा जास्त वेळ खातं. म्हणून किल्ली माझ्याकडे आली. जाताना आत्या शेजारी होती आणि प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यावं तसं माझं नाव घेत होती. येताना मात्र मी एकटी. गाडी शिकल्यापासून पहिल्यांदा, पूर्ण एकटी.

दीड वर्षं मी याची वाट बघत होते. लोकांना गाडीत वेग आवडतो, गाणी आवडतात. मला आवडतं ते हे की काचा वर केल्या की कोणाशी बोलावं लागत नाही. बसमध्ये शेजारची बाई आधी सरकून जागा देते आणि मग त्या जागेचं भाडं वसूल करते. “कुठली गं तू? कोणाची?” यातल्या ‘कोणाची’ला आमच्या भागात एक वरवरचं उत्तर असतं, आणि एक त्याच्या खालचं असतं, आणि तिला खालचंच हवं असतं. ते मिळालं की काही बायका परत थोड्या सरकतात, यावेळी दुसऱ्या बाजूला. गाडीला असलं काही पडलेलं नसतं. तिला फक्त पेट्रोल लागतं. आणि पाणी.

सिरसाळा मागे टाकून थोडी पुढे आले तेव्हा काटा अर्ध्याच्या वर सरकलेला दिसला. थोड्याच अंतरावर एक टपरी आली. निळी टाकी, तिच्या नळाला साखळीने बांधलेला मग, म्हणजे पाणी भरपूर. आणि बाकड्यावर सहा-सात माणसं, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे.

मी गाडी हळू केली आणि मनात वाक्य जुळवायला घेतलं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. तिथे मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. मी फारसा भरला नाही, कारण मी कुठल्याच भाषेत बोलत नव्हते. आता बोलते ती मराठी पुस्तकातून उचलल्यासारखी वाटते. “मला थोडी कोथिंबीर मिळेल का?” असं विचारलं की अंबाजोगाईचा भाजीवाला मला हिंदीत उत्तर देतो. तर, “दादा, थोडं पाणी मिळेल का?” हे मला फार शहरी वाटलं. “ओ मामा, पानी द्या की जरा,” हे बरोबर होतं, पण माझ्या तोंडात ते दुसऱ्याच्या घरातून उचलून आणल्यासारखं वाटलं असतं. शिवाय त्यातला एक जण उठला असता, त्याने बोनेट उघडलं असतं, बाकीचे पाच त्याला चुकीचं काय चाललंय ते सांगायला आले असते, आणि सगळ्यांनी मिळून मला विचारलं असतं, एकटीच हाय का? कुठली? कोणाची?

वाक्य तयार होईपर्यंत टपरी आरशात गेली होती.

पुढे रस्त्यालगत एक घर लागलं. दारात एक बाई भांडी घासत होती, समोर पाण्याचं टिपाड भरलेलं. एकटी बाई. तिच्याशी बोलायला काय झालं होतं? पण तिच्याकडे कुत्रं होतं. कुत्रं झोपलेलं होतं, हे मी आता प्रामाणिकपणे सांगते.

त्यानंतर मी एसी बंद केला, त्याने काटा खाली येतो असं मला वाटलं होतं. तो आला नाही. मग मी काट्याकडे बघणंच बंद केलं. लग्नात नको असलेला नातेवाईक दिसला की आपण पत्रिकेवरची चित्रं बघतो, तसं मी डावीकडचे तुरीचे पट्टे बघत गेले. परळी जवळ आली, औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर दिसायला लागले, आणि मग बोनेटमधून वाफ आली, गाडीने दोन हिसके दिले आणि ती थांबली. गॅरेजच्या बरोबर समोर. मिस्त्री स्वतःच बाहेर आला, त्यामुळे मला एक शब्द बोलावा लागला नाही. नशीब थोर म्हणतात ते असं.

पप्पांना मी फोन केला नाही, मेसेज केला. ‘Car stopped. Parli. I am fine.’ एवढाच.

पप्पा काळीपिवळीने आले. मला आधी वरपासून खालपर्यंत बघितलं, “लागलं नाही ना कुठं?” विचारलं आणि मग मिस्त्रीकडे वळले.

“पोरगी एकटी गेलती सिरसाळ्याला,” ते म्हणाले. गाडीचं काय झालं हे विचारायच्या आधी. पप्पांनी हे वाक्य काळीपिवळीच्या ड्रायव्हरलाही ऐकवलं असणार.

“बरं केलं,” मिस्त्री म्हणाला. “ताई, काटा वर आलता का पर?”

हीच वेळ होती. मिस्त्री मला सरळ विचारत होता, भाषा सोपी होती, उत्तर एका शब्दाचं होतं. पण माझ्या आधी पप्पा बोलले.

“ती बघणार नाही होय? अहो, घरातून निघताना गॅस बंद आहे का हे तीनदा बघते ती.”

मी मान हलवली. ती मान कशालाही लागू पडली असती.

मिस्त्रीने माझ्याकडे एकदा बघितलं, पप्पांकडे एकदा, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा गैरहजर माणसाला धरणं सोयीचं, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं. हातातला काढलेला पंप त्याने पप्पांच्या नाकासमोर धरला.

“ह्यो बगा. डुप्लिकेट हाय. पंप बसला, म्हनून पानी उकळलं, म्हनून पाइप फुटला. हेड बी तापलंय, उतरवून लेथवर न्यावं लागंल. आता पंप वरिजनल टाकतो, बावीसशेचा. पाइप, कूलंट, गॅस्केट, हेडचं काम, मजुरी धरून…” त्याने आमच्या गाडीच्या टपावर साचलेल्या राखेत बोटाने आकडा लिहिला. अकरा हजार पाचशे. खाली दोन रेघा मारल्या. परळीत अंदाजपत्रकाला कागद लागत नाही, कागद आभाळातून पडतो.

पप्पांची घासाघीस करायची एक पद्धत आहे. ते चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात आणि गप्प बसतात. समोरच्याला दया येईल अशी त्यांची कल्पना असते. मी लहानपणापासून बघते आहे, कोणालाही कधी आलेली नाही. आताही चष्मा पुसून झाला, आकडा तेवढाच राहिला.

“पण पंप तीनच महिन्यांपूर्वी बदललाय,” पप्पा म्हणाले. “घाटनांदूरला. माझ्या मित्राने. चौदाशे घेतले. मजुरी तर घेतलीसुद्धा नाही.”

मिस्त्री हसला. “सर, चौदाशात वरिजनल येतो का? आन् मजुरी कावून घेतली न्हाई त्ये बगा की. पंपातच काढली आसंल.”

हे वाक्य बसलं. मी पप्पांच्या मानेकडे बघत होते, ती आधी लाल झाली आणि मग कान.

घाटनांदूरचे काका आणि पप्पा एकाच वस्तीत वाढले, दहावीपर्यंत एकाच बाकावर बसले. पुढे पप्पा डी.एड. झाले आणि काकांनी गॅरेज टाकलं. पप्पा त्यांना मिस्त्री म्हणतात, ते पप्पांना मास्तर. आमच्या गाडीचं काम काका करतात आणि फक्त सामानाचे पैसे घेतात, तेही ज्या भावात दुकानातून उचललं त्या भावात. त्यांच्या घरातला एकही अर्ज पप्पांच्या अक्षराशिवाय सरकारदरबारी गेलेला नाही. जातीच्या दाखल्यापासून विजेच्या मीटरपर्यंत सगळे. कोणी किती केलं हे दोघांनी कधी मोजलं नाही. आई कधीतरी मोजायचा प्रयत्न करते, तर पप्पा टीव्हीचा आवाज वाढवतात. पुढच्याच आठवड्यात काकांच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश होता. तिच्या कागदांची फाइल आमच्या टेबलावर पडलेली होती.

पंप बदलला त्या दिवशी मी घाटनांदूरला गेले होते. गाडी आता मीही चालवणार, हे कळल्यावर काकांनी मला सीटवर बसवलं आणि तेलकट बोटाने काच ठोकून काटा दाखवला. “माय, बाकी काय बी इसर, ह्यो इसरू नको. अर्ध्याच्या वर गेला की जितं हाईस तितं थांब. लगीन आसू दे न्हाईतर मयत.” त्या काचेवर त्यांच्या बोटाचा डाग अजून आहे. मी तो पुसला नव्हता, आवडला म्हणून नव्हे, कंटाळा.

पप्पांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. चिडले की ते असं करतात, साक्षीदार असावा म्हणून.

“मिस्त्री, तू पंप कसला टाकला होता रे?”

“कावून? काय झालं?”

“गाडी बसली परळीला. पोरगी एकटी होती.”

“पोरगी बरी हाय का?”

“ते विचारू नको. पंपाचं विचारतोय मी.”

“आलो,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ते येईपर्यंत तासभर गेला. मिस्त्रीने आमच्यासाठी चहा मागवला. भांडण बघायला मिळणार म्हणून तो खुशीत होता, त्याने दुसरं काम हातात घेतलंच नाही. पप्पा स्टुलावर बसून एकदा पंपाकडे, एकदा टपावरच्या आकड्याकडे बघत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. एवढ्या वेळात मी काय काय केलं असेल? मी मोबाइल काढला आणि पप्पांनाच मेसेज लिहिला. ‘Papa, I saw the needle.’ पुसला. ‘Papa, it may not be the pump.’ हा जास्त सभ्य वाटला. तोही पुसला. पाठवला असता तर त्यांच्या खिशात टिंग वाजलं असतं, त्यांनी चष्मा लावून वाचला असता आणि मग माझ्याकडे बघितलं असतं. त्या बघण्याचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

शिवाय किल्ली. खरं सांगायचं तर किल्लीचाच विचार जास्त होता. मी बोलले असते तर ती परत शोकेसमधल्या वाटीत गेली असती, आणि मी परत बसमध्ये, त्या सरकणाऱ्या बाईच्या शेजारी. तिकडे काकांचं जे व्हायचं ते होईल, ते मोठे आहेत, बोलके आहेत, स्वतःची बाजू मांडतील. इथला मिस्त्री ती ऐकेल. पंपच सांगेल काय ते. मी अशी स्वतःची समजूत घातली आणि ती मला पटतही आली होती.

काका मोटरसायकलवर आले. पायात चपला, शर्टाला ग्रीसचे हात पुसलेले, म्हणजे काम अर्धवट सोडून निघाले होते.

“जय भीम, मास्तर.”

पप्पांनी उत्तर दिलं नाही. माझ्या आयुष्यात मी हे पहिल्यांदा बघितलं. भांडणाच्या आधी, भांडणाच्या नंतर, एकदा तर स्मशानातसुद्धा, त्या दोघांचा जयभीम कधी चुकला नव्हता. काकांनी हात खाली घेतला आणि सरळ पंपाकडे गेले.

त्यांनी तो उचलला, फिरवला, उलटा केला, वास घेतला. मग फुटलेला पाइप उचलला आणि त्याची चीर अंगठ्याने उघडून आत बघितलं. परळीचा मिस्त्री चहाच्या ग्लासात बघत होता. त्यालाही कळलेलं होतं, हे मला तेव्हा समजलं. आधी पाइप चिरला होता, पाणी गळून गेलं होतं, आणि त्यानंतर पंप कोरडा फिरत फिरत जळला होता. मी तेव्हाच थांबले असते तर पाइप आणि पाणी, हजाराच्या आत काम होतं.

काका माझ्याजवळ आले. आवाज एकदम खाली.

“माय, पानी कुटं सपलं?”

मी टायरांच्या थप्पीकडे बघितलं. मोजले. सात होते.

काकांनी मला परत विचारलं नाही. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. पाइप त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकला आणि पप्पांसमोर जाऊन उभे राहिले.

“मास्तर, माझीच चूक हाय. माल खराब निगाला.”

“खराब म्हंजे?” पप्पा चिडले की प्रमाण भाषा सोडतात. “डुप्लिकेट व्हता का न्हाई, त्ये सांग.”

“व्हता.”

“तुला ठावं व्हतं?”

काका जमिनीकडे बघत राहिले. परळीच्या मिस्त्रीचा चहाचा ग्लास हातातच राहिला. त्याला भांडण हवं होतं, हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो काहीतरी बोलणार होता, पण साडेअकरा हजार त्याच्या डोळ्यांसमोर टपावर लिहिलेले होते, म्हणून त्याने चहाच प्यायला.

“माझी पोरगी होती गाडीत,” पप्पा म्हणाले. “एकटी.”

सकाळपासून ज्या शब्दाचा त्यांना एवढा अभिमान होता, तो आता काकांवर फेकायला त्यांनी वापरला.

“मी भरतो पैशे,” काका म्हणाले. “सगळे.”

“पैशाचं राहू दे. माझ्याकडं फाइल हाय ना तुझ्या पोरीची? ती उद्या घिऊन जा. दुसऱ्या कुणाकडून भरून घे.”

काकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून नोटा काढल्या. शंभराच्या, पन्नासच्या, काही तेलकट, एकमेकींना चिकटलेल्या. ते थुंकी लावून एकेक सोडवायला लागले. काकांच्या त्या मुलीला मी ओळखते. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे आणि ती कुठल्याही टपरीवर थांबून पाणी मागू शकते.

माझ्या तोंडून आवाज आला तो इतका मोठा होता की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला मागे वळला. सवय नसली की आवाजाचा अंदाज राहत नाही.

“पप्पा, पंप चांगला होता. काटा सिरसाळ्याच्या थोडं पुढेच वर गेला होता, मला दिसत होता. टपरीवर पाणी पण होतं. पण तिथे माणसं होती, म्हणून मी थांबले नाही.”